मेणाचा ठोकळा

माझं काम साधं.
माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा
मेणात बसवायचा, गार करायचा,
पात्याखाली धरून कापायचा,
केसाच्या जाडीचे वीस भाग केले तर त्यातला एक,
आणि कोमट पाण्यावर सोडायचा
सुरकुती पडू न देता.
नावं वाचू नयेत, असं शिकवलं होतं.
बावीस वर्षं झाली. वाचतेच.

गाव लहान आहे.
बटाट्याच्या काढणीला शाळेला तीन आठवडे सुट्टी देणारं,
कॅनडाच्या हद्दीला पाठ टेकून बसलेलं.
ठोकळ्यावर लिहिलं होतं: लुसिएन सीर.
माझ्या दोन्ही मुलांना तिनंच नेलं शाळेत,
पिवळ्या बसमधून, उणे तीसमध्येही वेळेवर.
सिगारेट कधी ओढली नाही.
फुप्फुसातला तुकडा,
अर्ध्या वाटाण्याएवढा.

दर मंगळवारी साडेतीन तास गाडी हाकत येणारे डॉक्टर
म्हणाले, बायोमार्कर तपासू.
नेमकं काय बिघडलंय ते सापडलं,
तर रोजची एक गोळी, घरी बसून.
कदाचित.
हा शब्द ते कधी गाळत नाहीत.

मी दहा काचा तयार केल्या,
डबा बांधला, पत्ता लिहिला.
मग विमा कंपनीचं पत्र आलं:
प्रायोगिक. आवश्यकता सिद्ध नाही.
डबा माझ्या टेबलाच्या कडेला राहिला,
त्याच्यावर कुणी कॉफीचा कप ठेवला, मी उचलला.

केमोला मात्र एका फोनवर मंजुरी.
डोळे मिटून विष द्यायला हरकत नव्हती,
बघून द्यायला होती.

रोझेरनं अपील केलं. मग दुसरं.
सहकारी गोदामाच्या फॅक्सवरून एकतीस पानं,
दोन वेळा, कारण पहिल्यांदा
त्यांच्याकडे म्हणे सातवं पान पोचलं नाही.
काढणीच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली.
शाळा बंदच होती.
बस कुणी चालवायची हा प्रश्न
त्या दिवशी तरी आला नाही.

फेब्रुवारीत राजधानीत सुनावणी.
मी रजा काढून गेले, मागच्या रांगेत बसले.
प्रत्येकाला तीन मिनिटं:
हिरवा दिवा, पिवळा, लाल.
कंपनीचा माणूस सभ्य होता,
हप्ते वाढतील म्हणाला, आकडे नीट पाठ होते त्याचे.
रोझेरचं एका मिनिटात संपलं.
कागदाची घडी करून खिशात घातली
आणि तो उभाच राहिला.
माईक चालू होता.
सगळ्या खोलीत त्याचा श्वास ऐकू येत होता,
आत, बाहेर,
आत, बाहेर,
लाल दिवा लागेपर्यंत.

कायदा झाला. चाचणीचा खर्च आता विम्यात.
बैल गेला आणि झोपा केला, असंच कुणीही म्हणेल.
मीही म्हटलं असतं,
पण गोठ्यात अजून बैल होते.
जानेवारीपासून आठवड्याला दोन-तीन डबे जातात माझ्या हातून.
पुढे काय निघतं, मला कुणी सांगत नाही.
डबा जातो, एवढं कळतं.

परवा रोझेर आला. तळघरात, टोपी हातात घेऊन.
"तिचा आहे अजून?"
आहे. दहा वर्षं ठेवतो आम्ही.
"आता तपासता येईल?"
येईल.
बराच वेळ तो खणांवरचे आकडे वाचत राहिला.
"आणि गोळी चालली असती, असं निघालं तर?"
मी खण उघडला, उगीचच.
तो म्हणाला, नुसता दाखव.

मी तळहातावर ठेवला.
"गार आहे," म्हणाला,
आणि मूठ मिटली.

हाताच्या उबेनं हे मेण वितळत नाही.
साठ अंश लागतात, मला ठाऊक आहे,
रोजचं काम आहे माझं.
तरी म्हटलं,
रोझेर, फार वेळ नको धरूस.